उजवा पाय मागे

मी जोडीचा नाच शिकवते असं सांगितलं की लोक आधी माझ्या पायांकडे बघतात. पायांत बघण्यासारखं काही नाही. टाचा फुटलेल्या, डाव्या अंगठ्याचं नख लहानपणी भाताच्या रोवणीच्या चिखलात गेलं ते पुन्हा सरळ आलंच नाही. मग विचारतात, "म्हणजे लग्नातल्या संगीतचे डान्स का?" मी म्हणते, "नाही, स्विंग. दोघांनी हात धरून करायचा." ते मान डोलावतात. आता कुठे शिकलात, सर्टिफिकेट कुणाचं, असं विचारतील म्हणून मी घाईने क्लासची वेळ सांगून टाकते. शाळा सातवीत सुटलेल्या माणसाला ही धास्ती जन्मभर पुरते. चाळिशी उलटली तरी कुणी कुठे सही करायला सांगितली की मी आधी पेन उमटतं का ते बघते. तेवढाच वेळ मिळतो.

मी नाच शिकले तो एका आजारी बाईला पलंगापासून संडासापर्यंत नेता नेता. क्लासमध्ये हे सांगत नाही.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला. त्यापुढे जंगल आणि मग दुसरं राज्य. शाळा सुटली, लग्न झालं, तेही सुटलं. नागपूरला एका दवाखान्यात आयाचं काम करत होते, तिथल्या एकीच्या ओळखीने पनवेलच्या ब्युरोत नाव घातलं. घरोघरच्या म्हाताऱ्या-आजाऱ्यांसाठी बायका पुरवणारा तो ब्युरो. पनवेल कुठे आहे हेही मला नीट ठाऊक नव्हतं. मुंबईजवळ, एवढंच. पहिलंच घर मिळालं ते नवीन पनवेलमधलं. तिसरा मजला, एकट्या राहणाऱ्या बाई, कंपवात. मुलगी कॅनडात. बाई मुंबईच्या जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती. घरात मराठीच बोलायच्या, पण त्यांच्या मराठीची चाल निराळी. त्यांना सगळे आंटी म्हणायचे, मीही म्हणू लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून चौकशी केली. त्यांचा उजवा हात मांडीवर एकसारखा हलत होता आणि त्या त्याच्याकडे अजिबात बघत नव्हत्या.

"तुमच्याकडं नाचतात काय?"

"बायका नाचतात लग्नात. बायका-बायकांत."

"एकमेकींना धरून?"

"नाही."

"मग तो नाच नाय. ती कवायत," असं म्हणून त्या हसल्या. मला राग आला होता. मी उठून म्हटलं, "भांडे घासून राहिले मी." त्यावर त्या आणखी हसल्या. "काय गो बाय, घासून राहिले, जाऊन राहिले. राहायचं तर राहा, जायचं तर जा!"

मी राहिले.

आंटींनी सगळं आयुष्य मुंबईत नाच शिकवला होता. जाइव्ह, स्विंग, जुन्या बँडवर जोडीने करायचे ते सगळे नाच. नवरा वाजवणारा होता, तो गेला. मग हॉल गेला, मग मुलीने त्यांच्यासाठी पनवेलला स्वस्तात फ्लॅट घेतला. हे सगळं मला पुढे कळलं. आधी कळलं ते दार.

बेडरूमच्या दारात त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. खोलीत चालायच्या, पण उंबरठ्याशी आल्या की संपलं. धड पुढे झुकायचं आणि पाय तिथेच. मी घाबरले. दवाखान्यात शिकवलं होतं तसं काखेत हात घालून ओढलं.

"ओढू नको! मी काय गाय हाय ओढायला?"

मी हात सोडले आणि आणखी घाबरले.

"समोर ये. अशी. हात दे. दे म्हटलं, पकड नाय म्हटलं. आता जागच्या जागी डोल. या पायावरून त्या पायावर. डोल की! लाजतेस कुणाला?" त्या एक जुनी धून गुणगुणायला लागल्या. मी डोलायला लागले आणि माझ्या हातातून त्याही डोलायला लागल्या. "आता तू डावा पाय मागं घे."

मी डावा मागे घेतला. त्यांचा उजवा उचलला गेला आणि पुढे आला. मग माझा उजवा, त्यांचा डावा. दार मागे पडलं.

"पुरुषानं बाईला ओढायचं नसतं," त्या संडासाच्या दाराशी उभ्या राहून दम घेत म्हणाल्या. "जागा करून द्यायची. तू जागा केलीस, मी आले."

"पुरुषानं?"

"मग दुसरा कोण हाय इथं?"

ही काही आंटींची जादू नव्हती. पुढे व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली की हे त्यांना कॉलेजात शिकवतात, ताल दिला की असे अडकलेले पाय सुटतात. मला मात्र त्या दिवशी काहीतरी भलतंच झालं. आजाऱ्याला उचललं की त्याचं सगळं वजन आपल्यावर येतं. मला तेच ठाऊक होतं, सासरी आणि दवाखान्यात तेच केलं होतं. इथे अर्धंच वजन आलं. उरलेलं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं, आणि किती ठेवलंय ते मला बोटांच्या टोकांत कळत होतं. कुणाचा हात मी असा कधी धरला नव्हता. माझाही कुणी धरला नव्हता.

मग रविवारचं सुरू झालं. आंटींचे जुने विद्यार्थी, म्हणजे तेही साठीचे, मुंबईहून यायचे. सोफा भिंतीला लागायचा. आंटी खुर्चीतून ओरडायच्या. बायका जास्त आणि पुरुष कमी, म्हणून मला उठवायच्या. "बाय, तू पुरुष हो." मी ओढणी कमरेला बांधून पुरुष व्हायचे. शिकवताना आंटींचा हात थरथरायचा थांबायचा नाही, पण ओरडण्यात कंप नसायचा. "खांदे सोड! हात मेलेला नको, लाकूडही नको!" स्वयंपाक करताना माझे पाय ओट्यासमोर हलायला लागले. भाजी निवडताना गुडघे हलायला लागले. गावी फोनवर आईला सांगितलं नाही. आमच्याकडे बाई नाचते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच प्रकार येतो. अजूनही तिकडच्यांसाठी मी व्यायामाचा क्लास घेते.

आंटींचा एक नियम बाकी सगळ्यांपेक्षा कडक होता. नाचायला विचारायचं ते हात पुढे करून. समोरच्याने नको म्हटलं तर थँक यू म्हणायचं आणि वळायचं. का, ते विचारायचं नाही. तोंड पाडायचं नाही. एकदा त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कुणाला तरी "का पण?" असं विचारलं, तर त्याला त्यांनी खाली पाठवलं. दूध आणायला पाठवलं असं म्हणाल्या, पण घरात दूध होतं.

एकदा त्या जुन्या मंडळींनी मला मुंबईला एका नाचाच्या संध्याकाळी नेलं. मोठा हॉल, खरा बँड. मी भिंतीला टेकून उभी. सुटातले एक गृहस्थ आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी दिला. संगीत सुरू झालं आणि आम्ही दोघांनीही डावा पाय मागे घेतला, आम्ही दोघांनीही जागा करून दिली, आणि मधे कुणीच आलं नाही. मग दोघं एकदम पुढे आलो आणि माझा गुडघा त्यांच्या नडगीवर बसला. तेव्हा मला कळलं की मला नाचाची फक्त पुरुषाची बाजू येते. बाईची कुणी शिकवलीच नव्हती.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आंटी हसता हसता खोकायला लागल्या. 

"अरे देवा. मी माझं काम काढून घेतलं तुझ्याकडून. तुला काय दिलंच नाय."

"दिलं की, आंटी."

"नाय. पुढच्या रविवारपासून बाईची बाजू. उजवा पाय मागं, तिथनं सुरू."

पुढच्या रविवारी त्या तापाने दवाखान्यात होत्या. परत आल्या त्या खूप उतरून. मग त्यांना समोर उभं राहून मला पुढे नेणं कधी जमलंच नाही, आणि मीही आठवण केली नाही.

पुढे त्यांना रात्रंदिवस नर्स लागायला लागली. मुलीने फ्लॅट विकून त्यांना पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या बाजूला एका वृद्धाश्रमात ठेवलं. मुलीला मी दोष देत नाही. तिने मला विचारून केलं, आणि मला कोण विचारतं! जाण्याआधी आंटींनीच मला क्लाससाठी जवळच कामोठ्याला एक हॉल बघायला लावला. "घरोघर म्हाताऱ्या उचलत बसू नको. शिकव," म्हणाल्या. मी म्हटलं, मला कुठे येतं. "मला तरी कुठं येत होतं," म्हणाल्या. आज माझी चूल ज्यावर पेटते ते सगळं त्या बाईचं आहे. हे मी रोज म्हणते. रोज म्हटलं नाही तर निघून जाईल अशी भीती वाटते.

हॉल पहिल्या मजल्यावर. खाली दहावीची ट्यूशन चालते. परीक्षा जवळ आल्या की सर वर येतात, "मॅडम, मी पोरांना प्रमेय सांगतोय आणि डोक्यावर तुमची वरात!" म्हणून आम्ही अनवाणी नाचतो. जवळच्या बेलपाडा गावचा एक जण येतो, तो पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, आमी हळदीला डीजेसमोर सकालपर्यंत नाचतो, पण कोनाला धरायला लागत नाय." माझ्याकडच्या बायकांना मी बाईची बाजू शिकवते ती आंटींच्या तोंडची वाक्यं वापरून. हात मेलेला नको, लाकूडही नको. मागे बघू नका, ते त्याचं काम. मला ते कानाने येतं, पायाने येत नाही. कुणीतरी एक दिवस म्हणेल, ताई, एकदा करून दाखवा ना. या विचाराने मी पुष्कळदा हॉलच्या जिन्यात थांबलेली आहे.

नकाराचा नियमही शिकवते. मागच्या वर्षी एक पन्नाशीचं जोडपं आलं. नवऱ्याने बायकोपुढे हात केला.

"नको, गुडघा दुखतोय," ती म्हणाली.

"कारण द्यायचं नाही," मी म्हटलं. "नुसतं नको म्हणायचं."

"नुसतं नको म्हणता येतं?" तिने असं विचारलं की सगळा क्लास हसायला लागला. "इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं कसं नाही हो हे!"

"ताई, हे एवढं घरी नका शिकवू हिला," नवरा हात जोडून म्हणाला.

मीही हसले. मला तो नियम शिकवायला सोपा होता. आंटींनी मला कधी नको म्हटलं नव्हतं.

दर रविवारी मी शेअर रिक्षाने आश्रमात जायचे. आंटी तयार बसलेल्या असायच्या, पावडर लावून. मी हात पुढे करायचे, "आंटी, एक डान्स?" त्या हात द्यायच्या. खोलीतून दार, दारातून व्हरांडा. दारात पाय चिकटले की डोलायचं, धून गुणगुणायची, मी डावा मागे घ्यायचा. व्हरांड्याच्या टोकाला अंगणात उतरायची पायरी आहे, म्हणून मागे चालताना मी सारखी मान वळवून बघायचे आणि त्या सारखं रागावायच्या. व्हरांड्याच्या कठड्याशी उभ्या राहिल्या की समोर प्रबळगड दिसतो. तो बघून त्या दर वेळी तेच म्हणायच्या, "चला, आजचा नाच झाला." आठवडाभर मी त्या वाक्यासाठी जगायचे, असं लिहिलं तर खोटं वाटेल. पण दुसरं काही होतं असंही आठवत नाही.

मग पावसाच्या शेवटाला आश्रमातल्या दुसऱ्या एक आजी बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर व्यवस्थापकांनी नियम केला, ज्यांचा तोल जातो त्यांना उभं करायचं नाही. चाकाची खुर्ची, खुर्चीला पट्टा.

मी गेले तेव्हा आंटी पट्टा लावून बसल्या होत्या. जवळच्या ओवे गावची एक मावशी तिथे कामाला आहे, ती म्हणाली, "ताई, आता ह्यांना उठवायचं नाय. सायबांनी सांगितलंय. मला नका बोलू, माझी नोकरी हाय."

आंटींचे ओठ हलले. त्यांचा आवाज तोवर फार बारीक झाला होता, तोंडाजवळ कान न्यावा लागे. मी कान नेला. "बाहेर," एवढंच म्हणाल्या.

मी व्यवस्थापकांकडे गेले. त्यांच्या टेबलासमोर उभं राहिलं की मला शाळेतल्यासारखं होतं. बसा म्हणाले तरी मी बसले नाही.

"ताई, मला काय आनंद आहे का त्यांना बांधून ठेवण्यात? पण पडल्या तर त्यांची मुलगी मला विचारणार. तुम्हाला नाही."

"मी सांभाळीन."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

मी म्हटलं, "मी त्यांची पार्टनर आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. मी घाईघाईने म्हटलं, "डान्समध्ये."

त्यांनी मुलीला फोन लावून माझ्या हातात दिला. मुलगी तिकडे नुकतीच उठली असावी. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तुम्ही मम्मीचं खूप केलंत. मी मानते ते. पण पडली तर मी इथून काय करू? तुम्ही जबाबदारी घेता?"

"घेते," मी म्हटलं.

म्हटलं, आणि तेव्हापासून मला जेवण जाईना. डोळे मिटले की त्या पडताना दिसायच्या. कधी दारात, कधी व्हरांड्यात, आणि दर वेळी माझा हात सुटलेला. क्लासमध्ये शिकवताना एका बाईने गिरकी घेतली आणि तिचा पाय जरा घसरला, तर मी किंचाळले. सगळे थांबले. खालून ट्यूशनचे सरही वर आले, "काय झालं?" काही नाही म्हटलं.

व्यवस्थापक म्हणाले, आधी आश्रमात येणाऱ्या व्यायामवाल्या मॅडमना दाखवू. त्या आल्या. त्यांनी आंटींना बसल्या बसल्या पाय उचलायला लावले. डावा उचलला. उजवा उचलायला गेल्या आणि चेहऱ्यावरची शीर ताठ झाली, पाय तिथेच.

"उजवी बाजू फार आखडलीये," मॅडम मला म्हणाल्या. "उजव्याने सुरुवात होणार नाही आता. डावा आधी टाकला तर कदाचित उजवा मागून येईल. बघा डाव्याने."

मी हो म्हटलं. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की डाव्याने सुरुवात म्हणजे पुरुषाची बाजू. त्यांनी डावा पुढे टाकायचा तर मला उजवा मागे घ्यावा लागणार. म्हणजे आंटी मला नेणार, आणि मी मागे जाणार. जे मला येत नाही ते.

त्या रविवारी सगळे जमले होते. खोलीत व्यवस्थापक आणि ओव्याची मावशी, बाहेर व्हरांड्यात दोन आज्या खुर्च्यांत. मावशीने पट्टा सोडला. मी हात पुढे केला.

"आंटी, एक डान्स?"

त्यांनी हात दिला. मी आणि मावशीने त्यांना उभं केलं. मी तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं. "आज तुम्ही पुरुष. तुमचा डावा पहिला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला बाईची बाजू येत नाय."

"तुम्ही शिकवलीच नाही."

"हां," त्या म्हणाल्या. "ते राहिलं."

आम्ही डोलायला लागलो. धून मीच गुणगुणत होते, त्यांचा श्वास तेवढा पुरत नव्हता. माझा डावा पाय आपोआप हलायला बघत होता, तो मी जमिनीत रोवून ठेवला. काहीच घडेना. मी वाट बघत होते की त्या निघतील, त्या वाट बघत होत्या की माझा हात गप्प होईल. मला कळलंही नव्हतं, मी ओढत होते.

"ओढू नको."

मी सोडलं. तेव्हा त्यांच्या तळहातातून एक बारीकसा दाब आला. ढकलणं नव्हे. दार लोटून बघावं उघडं आहे का, तेवढा. माझा उजवा पाय मागे गेला. त्यांचा डावा पुढे आला, आणि थोडं थांबून, फरपटत, उजवाही. मी मान वळवायला गेले.

"मागं बघू नको. मागं काय हाय ते मी बघते."

उंबरठा माझ्या टाचेला लागला. मागे मावशी हात पसरून उभी आहे, आंटींच्या मागून व्यवस्थापक रिकामी खुर्ची ढकलत येताहेत, हे ठाऊक होतं, तरी मान मागे वळू बघत होती. मी आंटींच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या, हॉलमध्ये गर्दीतून वाट काढणारा पुरुष बघतो तशा, सावध. त्या तोंडावर आजार नव्हता. आम्ही दारातून बाहेर आलो. कठडा माझ्या पाठीला टेकला तेव्हा आपण पोचलो हे कळलं. आज्यांनी टाळ्या वाजवल्या.

"जमतंय की, ताई," व्यवस्थापक म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. भला माणूस आहे. "दर रविवारी करा. मी मुलीला सांगतो."

मी वाट बघत होते, आंटी प्रबळगडाकडे बघून त्यांचं वाक्य म्हणतील. त्यांनी डोंगराकडे पाहिलं. मग मागच्या खुर्चीकडे, पसरलेल्या हातांकडे, सगळ्यांकडे पाहिलं. म्हणाल्या, "खुर्ची दे."

पुढच्या रविवारी मी लवकर गेले. आठवडाभर ओट्यासमोर उजवा मागे, उजवा मागे करत होते. मावशीने पट्टा आधीच सोडून ठेवला होता. मी हात पुढे केला.

"आंटी, एक डान्स?"

"नको."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. कान जवळ नेला.

"नको," त्या म्हणाल्या. स्पष्ट.

माझ्या तोंडात 'का' आला होता. आंटींनी माझ्याकडे पाहिलं. ज्याला दूध आणायला खाली पाठवलं त्याच्याकडे पाहिलं होतं तसं. मी हात खाली घेतला.

"थँक यू," म्हटलं, आणि वळले. वळून कुठे जाणार, खोली केवढीशी. खिडकीशी गेले. मग परत येऊन त्यांचे केस विंचरले.

त्यानंतर दर रविवारी मी विचारते, त्या नको म्हणतात, मी थँक यू म्हणते. मुलीचा फोन आला होता. "सगळ्यांनी परवानगी दिली ना आता? मग का नाही म्हणते ती?"

"माहीत नाही."

"विचारलंत का तुम्ही?"

"नाही."

"अहो, पण का नाही विचारलंत?"

मी फोनवर तिला काय सांगणार. तिच्या आईनेच शिकवलंय असं म्हटलं असतं तर ती रडली असती. म्हटलं, पुढच्या वेळी बघते. कधी वाटतं त्या थकल्या. कधी वाटतं, पडतील म्हणून जाळं धरून उभ्या असलेल्या इतक्या माणसांमध्ये नाचणं त्यांना नको होतं. कधी वाटतं, माझं जे राहिलं होतं ते देऊन झालं, आता त्यांच्याकडे उभं राहायला कारण उरलं नाही. हे शेवटचं मनात आलं की मी घाईने दुसरं काहीतरी करायला लागते.

परवाही नको म्हणाल्या. डोळे मिटून घेतले. मी पायांवरची चादर नीट केली आणि व्हरांड्यात येऊन उभी राहिले. रिक्षा भरल्याशिवाय निघत नाही, वेळ होता. आज्या आत जेवायला गेल्या होत्या. मी कठड्याशी उभी राहून हात पुढे धरला, कुणाचा तरी असावा तसा. डोलले. उजवा मागे घेतला. मग डावा. मान वळवायची नाही, एवढंच बघत होते. उजवा. डावा.

"ताई!" ओव्याची मावशी ताटं घेऊन दारात उभी होती. "मागं पायरी हाय!"

मी थांबले. टाच अर्धी हवेत होती. मावशीने ताटं खाली ठेवली आणि येऊन माझा दंड धरला.